सकर वाढला की

मत्स्यालयाच्या दुकानात ‘सकर’ म्हणून बोटाएवढा, काळपट, ठिपक्याठिपक्यांचा मासा मिळतो. तो घरी येतो बहुधा टाकी साफ ठेवायला. काचेला तोंड चिकटवून तो शेवाळ खरवडतो, लहान असेपर्यंत कुणाच्या वाटेला जात नाही आणि फार महागही नसतो. वर्ष-दीड वर्षात तो वीतभर होतो, वाढायचा थांबत नाही, आणि मग घरात प्रश्न निघतो की याचं करायचं काय. माझ्या मते हा प्रश्न मुळात दुकानातच पडायला हवा होता. पण उशिरा पडला तरी त्याची सुरुवात तिथूनच करावी लागते. आपल्याकडे आहे तो मासा नेमका कोणता, हे आधी ठरवायला हवं. तो कुठे राहू शकेल हे त्यावरच अवलंबून आहे.

तोंडाने चिकटणाऱ्या या चिलखती कॅटफिशच्या नऊशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांचं घर दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या नद्या. आपल्या बाजारात प्रामुख्याने दोन गट येतात. एक ॲन्सिस्ट्रस, म्हणजे शौकिनांचा ‘ब्रिसलनोज’; तो पूर्ण वाढला तरी १२ ते १५ सेंटीमीटरच्या आसपास राहतो. दुसरा टेरिगोप्लिक्थिस, जो ४० सेंटीमीटर किंवा त्याहूनही मोठा होतो. पिल्लं असताना दोघांची सहज गल्लत होते. रंगावर तर मुळीच जाऊ नये, कारण दोघांतही पिवळट-पांढरे अल्बिनो विकले जातात. बघायचा तो पाठीवरचा पर. मासा तो उभारतो तेव्हा फोटो काढून पुढचा काटा सोडून बाकीच्या शिरा मोजाव्यात. ॲन्सिस्ट्रसला त्या सात-आठ असतात. टेरिगोप्लिक्थिसला दहा किंवा अधिक, बहुधा अकरा ते तेरा, आणि पर शिडासारखा उंच दिसतो. ॲन्सिस्ट्रसचा नर वयात आला की त्याच्या नाकाडावर मऊ, फाटे फुटलेल्या मिशा येतात. टेरिगोप्लिक्थिस काचेला चिकटला की पोटावरून त्याची जातही वाचता येते. सुटे सुटे ठिपके असतील तर तो बहुधा पार्डालिस, ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. या दोघांचे संकरही होतात, त्यामुळे जातीचं नाव छातीठोकपणे सांगता येईलच असं नाही. तेवढं अडतही नाही; मोठा होणारा गट कळला की पुढचं ठरवता येतं.

इथे पहिला आक्षेप येतो, तोही वर्षानुवर्षं ऐकू येणारा: मासा टाकीच्या मापाएवढाच वाढतो. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरं आहे, पण ते माशाचं शहाणपण नव्हे. साचलेली घाण, अपुरी जागा आणि अपुरं अन्न यांनी तो खुरटतो, आणि नीट जगला तर दहा-पंधरा वर्षं काढू शकणारा मासा त्याआधीच मरतो. साधा हिशेब करावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी ५७ लिटरच्या आत पाणी मावतं आणि रुंदी असते ३० सेंटीमीटर. ४० सेंटीमीटरचा, हाडांच्या पट्ट्यांनी मढलेला मासा तिथे धड वळणार कसा? शिवाय टाकी साफ करणारा म्हणून आणलेला हा मासा मोठेपणी टाकीतली सर्वांत जास्त विष्ठा टाकणारा ठरतो, शेवाळावर त्याचं पोट भरत नाही, आणि भुकेला असला तर डिस्कससारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. मग मोठी टाकी घ्यावी, असं कुणी म्हणेल. ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावी. पण सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी, म्हणजे काच, वाळू आणि स्टँड सोडून जवळजवळ सात क्विंटल वजन, एक चौरस मीटरहून थोड्याच अधिक जागेवर उभं राहतं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून आखलेला असतो. वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्याआधी जाणकार अभियंत्याला विचारावं लागेल, आणि भाड्याच्या घरात तर हा पर्याय बहुतेकांना नाहीच.

मग उरतं तळं, नदी, देवळाचं कुंड. इथे माणसं क्रूरपणाने वागत नाहीत, उलट दयेनेच वागतात, म्हणून हे सावकाश बोलायला हवं. कोंडलेल्या जिवाला मोकळं करावं ही भावना आपल्या संस्कारातली आहे आणि मला तिचा आदर वाटतो. पण टेरिगोप्लिक्थिस मोकळ्या पाण्यात मरत नाही, हीच अडचण आहे. पाण्यातला प्राणवायू संपला तर तो वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून ती शोषतो. म्हणून आपल्या शहरांखालच्या गढूळ, सांडपाण्याच्या नद्यांतही तो तग धरतो. नर काठाच्या मातीत बिळं करतात, मादी त्यांत अंडी घालते, नर त्यांची राखण करतो. फ्लोरिडात या बिळांनी तळ्यांचे आणि कालव्यांचे काठ ढासळले आहेत. मेक्सिकोतला इन्फिएर्निलो जलाशय एके काळी टिलापियाच्या मासेमारीसाठी गाजलेला होता. तिथे जाळ्यांत हाच मासा भरू लागला आणि मच्छीमारांचा धंदा बसला. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ मत्स्यतळ्यांत आणि केरळच्या कालव्यांत तो मुरला आहे, आणि भीमेवरच्या उजनीतही मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याचे काटे जाळं फाडतात, आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक नसतं. बांगलादेशाने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्या नद्यांतले मूळचे मासे वेगळे. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं जे वर्णन छापलं त्यात मळ्या आहे, शिंगाळा आहे. दगडावरचं शेवाळ खाणारा मळ्या आणि अमेरिकेतून आलेला हा खरवड्या यांचा घास एकच. ‘माझ्या एका माशाने काय होणार’ असं प्रत्येक घर म्हणतं. उजनीत पोचलेले मासे अशाच एकेका घरातून आणि पैदासकारांच्या हौदांतून सुटले असणार, ॲमेझॉनहून पोहत काही आले नाहीत.

तेव्हा नवं घर शोधायचं ते माणसाकडे, पाण्याकडे नाही. मोठ्या टाक्या बाळगणारे शौकीन असतात, काहींकडे सिमेंटचे हौद असतात. त्यांना माशाची जात, सध्याची लांबी आणि पुढे होणारी लांबी स्पष्ट सांगावी आणि त्यांच्या टाकीचं माप विचारावं. शेततळं असेल तर ते पावसात कुठे सांडतं हेही विचारायलाच हवं, कारण तिथून ओढा आणि ओढ्यातून नदी फार लांब नसते. दुकानदार परत घेत असेल तर उत्तम. मात्र त्याने तो दुसऱ्या दोन फुटी टाकीवाल्याला विकला तर आपण फक्त पत्ता बदलला. नेताना जाळी वापरू नये, पराचे काटे त्यात अडकून मासा जखमी होतो. प्लास्टिकची पिशवीही फाटते. झाकणाची रुंद बादली बरी. आणि प्रामाणिकपणे शोधूनही कुणीच मिळालं नाही तर? मत्स्यवैद्याच्या सल्ल्याने, लवंगतेलातल्या युजेनॉलच्या पुरेशा मात्रेने त्याला बेशुद्धीतूनच मरण देणं हा मार्ग उरतो. हे वाचून अनेकांचा जीव दचकेल, माझाही दचकतो. तरीही नदीत सोडण्याशी तुलना करताना मळ्याचा, शिंगाळ्याचा आणि जाळं फाटलेल्या कोळ्याचा जीव हिशेबात धरला, तर मला हाच मार्ग कमी निर्दय वाटतो. ही वेळ टाळायची असेल तर दुकानातल्या टाकीवर किमतीच्या शेजारी पूर्ण वाढीची लांबी लिहिलेली असावी, एवढी मागणी गिऱ्हाइकाने करायला हरकत नाही. लिहिलेली नसेल तर पाठीवरच्या शिरा मोजेपर्यंत पैसे काढू नयेत.