बालेवाडीचं मैदान आणि आमची गोली

मुलांनो, शनिवारवाडा तुम्ही पाहिला असेल. सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरीही खाल्ली असेल. पण बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल तुमच्यापैकी किती जणांनी आतून पाहिलंय? आमच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला तेव्हा फक्त दोन हात वर झाले. त्यातला एक पाणी प्यायला जायचं होतं म्हणून वर झाला होता!

मग ठरलं, नाताळच्या सुट्टीत बालेवाडीला जायचं. ही डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. चौथीतली बारा मुलं, मी आणि एक पाहुणी. पाहुणी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. ती तेव्हा आठवीत होती. तिचं खरं नाव इथे छापलं तर ती माझ्यावर रागावेल. मैदानावर सगळे तिला 'गोली' म्हणतात, कारण ती गोलरक्षक आहे. आपणही तिला गोलीच म्हणू या.

मनपा भवनापाशी बस मिळाली. विद्यापीठ चौक मागे पडला, बाणेर रस्ता सुरू झाला. आता शहर संपेल, मग संपेल असं वाटत राहतं, पण ते काही संपत नाही. दोन्ही बाजूंना उंच इमारती. मी मुलांना सांगितलं, "माझ्या लहानपणी बालेवाडी म्हणजे लांबचं गाव होतं." त्यावर एकाने विचारलं, "बाई, तेव्हा बस होत्या का?" मी काही इतकी म्हातारी नाही, पण चौथीच्या मुलांना ते कोण सांगणार!

हे संकुल उभं राहिलं ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी. पुढे २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही पुण्यात झाल्या, तेव्हा देशोदेशींचे तरुण खेळाडू इथे आले. पोहण्याचे तलाव, नेमबाजीचं केंद्र, कुस्तीचा हॉल, बॅडमिंटनचा हॉल असं सगळं एकाच आवारात आहे. चालून चालून पाय दुखायला लागतात. शेवटी आम्ही मुख्य स्टेडियमपाशी आलो. परवानगीची चिठ्ठी दाखवली. रखवालदार काका म्हणाले, "गवतावर पाऊल टाकायचं नाही. पायऱ्यांवर बसून बघा."

आम्ही बसलो. समोर धावण्याच्या मार्गिका आणि त्यांच्या मधोमध फुटबॉलचं हिरवंगार मैदान. मुलांनी लगेच डबे उघडले. गोली मात्र डबा मांडीवर ठेवून डावीकडच्या गोलच्या बाजूला बघत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, कुठल्या बाजूला झालं असेल हो ते पेनल्टी शूटआऊट?"

चौथीची मुलं विचारायला लागली, "कसलं शूटआऊट? सांगा ना!" मग मी त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

जानेवारी २०२२. महिला फुटबॉलची आशियाई चषक स्पर्धा त्या वर्षी भारतात होती, आणि तीही आपल्या महाराष्ट्रात! नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मैदान आणि पुण्याचं हे बालेवाडी. बारा देशांचे संघ आले होते. इथे पुढे गेलेल्या संघांना २०२३ च्या विश्वचषकात खेळायला मिळणार होतं. आपला भारतीय महिला संघ विश्वचषकात कधीच खेळला नव्हता. या वेळी घरच्या मैदानावर संधी होती. अदिती चौहान, आशालता देवी, मनीषा कल्याण ही नावं आमच्या गोलीला पाठ होती. ती तेव्हा चौथीत होती.

पण करोनाची तिसरी लाट आलेली. शाळा बंद आणि वर्ग मोबाईलवर. मैदानात जाऊन सामना बघायचा प्रश्नच नव्हता. २० जानेवारीला भारताचा पहिला सामना इराणशी झाला. आपल्या मुलींनी पुष्कळ वेळा गोलपर्यंत धडक मारली, पण इराणची गोलरक्षक काही केल्या चेंडू आत जाऊ देईना. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी गोलीने मोबाईलसमोर वही धरली. वहीत दोन मोठी शून्यं काढून तिने ती तिरंग्याच्या रंगांनी रंगवली होती.

२३ जानेवारीला, रविवारी, चायनीज तैपेईशी सामना होता. चायनीज तैपेई म्हणजे तैवानचा संघ. या स्पर्धांमध्ये तो या नावाने खेळतो. संध्याकाळी घराघरांतून मुलं तयार होऊन बसली. आणि बातमी आली, की सामना होणार नाही. आपल्या संघातल्या बऱ्याच मुलींना करोना झाला होता. संघ होता २३ जणींचा. नियमाप्रमाणे सामन्यासाठी निदान १३ खेळाडू तरी लागतात. तेवढ्याही उभ्या राहू शकत नव्हत्या. भारताचा संघ स्पर्धेतून बाहेर पडला असं धरलं गेलं. २६ जानेवारीला, ऐन प्रजासत्ताक दिनी, चीनशी खेळायचं होतं. तेही राहिलं.

सोमवारी सकाळी वर्ग सुरू झाला आणि कोणी गणिताचं नावच काढेना.

एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण हरलो का बाई?"

दुसरा म्हणाला, "हरलो कुठे? खेळलोच नाही!"

तिसरा म्हणाला, "तेरा पण नव्हते? आम्ही गल्लीत चार-चार जणांत खेळतो."

एका मुलाचे वडील मागून बोलले, ते मला मोबाईलवर स्पष्ट ऐकू आलं : "मुलींचा फुटबॉल संघ आहे हे आम्हाला कालच कळलं, आणि कालच तो बाहेर पडला." त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्यासारखे कितीतरी होते.

गोलीचा कॅमेरा बंद होता. शेवटी तिचा आवाज आला. "बाई, इराणशी झालेली बरोबरीसुद्धा काढून टाकली म्हणे. चुकलेलं गणित आपण पुसतो. बरोबर आलेलं का पुसायचं?"

मुलांनो, उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. गटात चार संघ होते. भारत, इराण, चीन आणि चायनीज तैपेई. भारताने इराणशी खेळून घेतलं, पण बाकी दोघांशी खेळता आलं नाही. मग इराणला भारताकडून मिळालेला गुण ठेवला, तर इतर दोघांवर अन्याय होईल. म्हणून जो संघ मध्येच बाहेर पडतो, त्याचे सगळेच सामने झाले नाहीत असं धरायचं, हा नियम. मी तिला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "हो, पण त्या धावल्या होत्या ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी मी सगळ्यांना पाच ओळी लिहून पाठवायला सांगितलं. गोलीने दोनच लिहिल्या. 'आज मला राग आला. कोणावर आला ते कळत नाही.'

पण स्पर्धा काही थांबली नव्हती. पुण्यातले सामने चालूच होते, इथेच, या हिरव्या चौकोनात. ३० जानेवारीला इथे एका दिवसात दोन नवलं घडली. बलाढ्य ऑस्ट्रेलियाला दक्षिण कोरियाने १-० असं हरवलं. जी सो-युन नावाच्या खेळाडूने ८७ व्या मिनिटाला लांबून गोल मारला. दुसरा सामना होता फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई यांचा. जो जिंकेल तो विश्वचषकात!

गोलीने वडिलांच्या मोबाईलवर हा सामना बघितला. तिने बाजू घेतली होती चायनीज तैपेईची. का, तर "आपण त्यांच्याशी खेळणार होतो ना, म्हणून!" सामना १-१ झाला आणि पेनल्टी शूटआऊट आलं. फिलिपिन्सची गोलरक्षक होती ऑलिव्हिया मॅकडॅनियल. तिने समोरच्यांच्या किक अडवल्या आणि मग चक्क स्वतः पुढे येऊन पेनल्टी मारून गोलही केला. शेवटची किक सरीना बोल्डेनची. गोल! फिलिपिन्स ४-३ ने जिंकलं. त्या देशाचा कुठलाही मोठा फुटबॉल संघ, पुरुषांचा असो की महिलांचा, तोपर्यंत विश्वचषकात पोचला नव्हता. तो पोचला तो आपल्या बालेवाडीतून.

सोमवारी गोलीचा कॅमेरा चालू होता. "बाई, गोलीनेच गोल मारला!" तिने पक्ष केव्हा बदलला ते तिलाही आठवत नव्हतं.

मंगळवारी, १ फेब्रुवारीला, शाळा उघडली. आता मी तुम्हाला माझी एक चूक सांगते. आमच्या शाळेत फुटबॉल एकच, अंगणही लहान. मधल्या सुट्टीत मुलगे धावत येत आणि मी चेंडू त्यांच्या हातात देत असे. मुलींना दोरीच्या उड्यांची दोरी. असं करा म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. मी लहान असताना आमच्या शाळेत तसंच होतं, तेच मी पुढे चालवलं. सात-आठ वर्षं मी शिकवत होते, आणि ही गोष्ट एकदाही माझ्या ध्यानात आली नाही.

त्या दिवशी गोली टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, दोरी नको. चेंडू द्या."

मी म्हटलं, "मुलं खेळतायत ना, त्यांच्यात जा."

"त्यांच्यात गेलं की आम्हाला फक्त बाहेर गेलेला चेंडू आणायला लावतात. आम्हाला आमचे दोन दिवस द्या."

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. मुलगे कुरकुरले. "मुली रडतात, मग खेळ थांबतो," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या शुक्रवारी सात मुली आल्या. दोन विटा इकडे, दोन विटा तिकडे, आणि मध्ये गोली हात पसरून. एकीचा गुडघा फुटला. ती रडली, पण खेळ थांबला नाही. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, "बाई, मुलीच्या जातीला हे कशाला?" मी त्यांना दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलावलं. त्या आल्या, कुंपणाशी उभ्या राहिल्या, आणि घंटा झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "जुने बूट घालून पाठवते."

त्याच आठवड्यात बालेवाडीत दोन्ही उपांत्य सामने झाले. त्यातला चीन-जपान सामना तर फारच रंगला. जपान म्हणजे २०११ चा जगज्जेता संघ. ११९ व्या मिनिटापर्यंत जपान २-१ ने पुढे होतं. तेव्हा चीनने बरोबरी केली आणि पेनल्टीत सामना जिंकला. अंतिम सामन्यातही चीन ०-२ असं मागे पडलं होतं, तरी ३-२ ने जिंकलं. आमच्या मुलींनी यातून एकच धडा घेतला. शाळेची घंटा झाली तरी "बाई, अजून एक मिनिट!" असं ओरडायचं.

गोली चौथी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेली. तिथे मुलींचा संघ नव्हता. अधूनमधून ती रस्त्यात भेटे. "खेळतेस का गं?" म्हटलं की मान हलवी, हो की नाही ते कळत नसे. मग जुलै २०२५ मध्ये एका सकाळी ती शाळेच्या दारात उभी! "बाई, जिंकलो!" थायलंडमध्ये चिआंग माई इथे भारताने यजमान थायलंडला २-१ ने हरवलं होतं. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले होते. पूर्वी, १९८३ पर्यंत, भारतीय मुली आशियात दोनदा उपविजेत्या झाल्या होत्या. पण पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जाण्याची ही पहिलीच वेळ. २०२२ मध्ये आपण यजमान होतो म्हणून आपल्याला जागा मिळाली होती. ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या स्पर्धेची जागा मात्र मुलींनी स्वतः मिळवली. "आता कोणी पुसू शकणार नाही," गोली म्हणाली. साडेतीन वर्षं तिने ती दोन शून्यं मनात ठेवली होती.

तर असे आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. गोष्ट संपेपर्यंत डबे रिकामे झाले होते. चौथीतल्या एकीने गोलीला विचारलं, "ताई, तुझा संघ आहे?"

"जमवतेय. शाळेनं सांगितलंय, अकरा जणी आणा, मग बघू. नऊ झाल्यात."

"मग आम्ही दोघी येऊ?"

"तुम्ही चौथीत आहात!"

"पाचवीत जाणारच आहोत की!"

सगळे हसले. रखवालदार काका बोलवायला आले. त्यांनी गोलीचं बोलणं ऐकलं असावं. ते म्हणाले, "गवतावर नाही, पण त्या कडेने चालत जा. गोलच्या जवळून दिसेल." ती गेली. जाळीच्या मागे उभी राहिली, हात पसरून. ते अंतर केवढं मोठं असतं ते तिला पहिल्यांदाच कळलं असेल. परत आल्यावर म्हणाली, "बाई, आपल्या विटा फारच जवळ ठेवत होतो आपण."

बसमध्ये बसल्यावर तिने वही काढून नऊ नावं लिहिली आणि खाली १० आणि ११ असे दोन आकडे घालून जागा मोकळी सोडली.

मुलांनो, उद्या शाळेत गेलात की मधल्या सुट्टीत एक गोष्ट बघा. चेंडू कोणाच्या हातात आहे आणि कुंपणाशी कोण उभं आहे? आणि जमलं, तर मला पत्र लिहून कळवा.