माझा आवाज येतोय का?

गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी सगळ्यांत जास्त वेळा बोललेलं वाक्य कुठलं? ‘आय लव्ह यू’ तर नक्कीच नाही. ‘जेवलास का?’ सुद्धा नाही. ‘हॅलो, माझा आवाज येतोय का?’ हेच ते वाक्य. त्यावर समोरून येणारी ती जीवघेणी शांतता... आणि मग चॅटमध्ये टपकणारा मेसेज, ‘यू आर ब्रेकिंग!’

आमच्या घरातल्या या ब्रेकिंग न्यूजचं मूळ चपलांच्या रॅकवर होतं. कोथरूडचा टू बीएचके, राहणार आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा वायर घेऊन आलेला मुलगा दारातून दोन पावलं आत आला, रॅकच्या वर दोन भोकं पाडली आणि कंपनीचा पांढरा डबा तिथेच ठोकून मोकळा झाला. का? तर वायर तिथपर्यंतच पुरली. झालं, आमच्या घराचं डिजिटल वास्तुशास्त्र ठरलं!

डबा हॉलमध्ये म्हणून नेट हॉलमध्ये. नेट हॉलमध्ये म्हणून नवऱ्याचं ऑफिस हॉलमध्ये, डायनिंग टेबलवर. कारण ‘त्याचे कॉल्स असतात’. मी मागच्या बेडरूममध्ये, ड्रेसिंग टेबलवर लॅपटॉप टेकवून. जणू माझे कॉल्स नसतातच! मधे बाथरूमची भिंत आणि एक भलंमोठं लोखंडी कपाट. आता हा काही त्याने कट करून केलेला अन्याय नव्हता. कोणी काही ठरवलंच नव्हतं. पण कोणीच काही न ठरवता मागची खोली बरोब्बर बायकोच्याच वाट्याला कशी येते, हा एक वेगळाच रिसर्चचा विषय आहे.

मी टेस्टिंगमध्ये आहे. आमचा क्लायंट जर्मनीतला आणि दर गुरुवारी डेमो. लागोपाठ तीन गुरुवार कॉल तुटला, तेव्हा मॅनेजर अगदी प्रेमाने म्हणाला, ‘यापुढे डेमो दुसऱ्या कोणाला देऊ दे. तुझ्या नेटचा जरा इश्यू आहे ना!’ मग मी बनवलेला डेमो मी दुसऱ्याच्या आवाजात ऐकला. वर त्याला ‘ग्रेट जॉब’ही ऐकलं. आमच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘व्हिजिबिलिटी’ असा एक रकाना असतो. तिथे मी काय लिहिणार होते? बाथरूमच्या भिंतीमागे असते म्हणून?

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं. ‘मॅडम, हायर प्लॅन घ्या.’ आता टेस्टरला असं कोणी सांगितलं की तिच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? मी लॅपटॉप उचलला, रॅकपाशी पाट टाकून बसले आणि लॅनची केबल थेट डब्यात खुपसली. १०० एमबीपीएसचा प्लॅन, स्पीड आला ९४. म्हणजे कंपनी दारापर्यंत माल नीट पोचवत होती. तिथेच वाय-फायवर साधारण ४०. मागच्या खोलीत ५, कधी ३. हायर प्लॅन घेतला असता तर रॅकवरच्या चपलांना २०० एमबीपीएस मिळाले असते, मला तेच ५!

लोच्या असा होता की कंपनीने दिलेला डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. या बँडचा सिग्नल भिंतींतून बऱ्यापैकी जातो, पण तिथे गर्दी जाम. एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. आमच्या बेडरूममधून शेजाऱ्यांची २३ वाय-फाय दिसतात. त्यात मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. सासूबाईंनी दुपारी वरण गरम करायला ठेवलं की माझ्या कॉलमधली जर्मन मंडळी रोबोटसारखी बोलायला लागायची, त्याचं रहस्य हे!

बरं, चॅनल बदलावा म्हटलं तर सेटिंगचा तो पर्यायच बंद. स्टिकरवरच्या पासवर्डने फक्त वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो. बाकी किल्ल्या कंपनीकडे. भिंत माझी, वीज माझी, भाडं माझं आणि घराच्या दाराची मुख्य किल्ली दुसऱ्याच्या खिशात! लांबून राऊटर सांभाळायची ही सोय जुनीच आहे, तिचं टीआर-०६९ हे स्टँडर्ड २००४ मध्ये आलं. कंपनीच्या बाजूने ते सोयीचंच. पण याच सोयीच्या पोर्टवर नोव्हेंबर २०१६ मध्ये हल्ला झाला आणि जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं कनेक्शन कोलमडलं. ही गोष्ट मला आमच्या क्लायंटकडच्या एका सहकारीणीने सांगितली. तिच्याकडे १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे, ग्राहकाने आपल्या पसंतीचा राऊटर लावायचा, कंपनीने तो चालवू द्यायचा. चक्क शब्द आहे त्यासाठी, ‘राउटरफ्रायहाइट’. राऊटरचं स्वातंत्र्य! हसू नका. मला तो शब्द जाम आवडला.

तर स्वातंत्र्याची खरेदी तपकीर गल्लीत झाली. ड्युअल बँड राऊटर आणि १५ मीटर कॅट सिक्स केबल, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत. नवरा म्हणाला, ‘अगं, कशाला? चाललंय की.’ मी म्हटलं, ‘तुझं चाललंय.’ त्यावर तो गप्प बसला, आणि मग त्यानेच ड्रिल मशीन काढलं. माणूस वाईट नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला आपला मोडेम-राऊटर लावला की कंपनीचा डबा खोक्यात टाकता यायचा. फायबरचं तसं नाही. काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश ओळखणाऱ्या त्या डब्याचा नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, म्हणून तो सहसा काढता येत नाही. पण त्याला ‘ब्रिज मोड’वर टाकता येतं. म्हणजे त्याने फक्त प्रकाशाचे सिग्नल बदलून पुढे द्यायचे, लॉग-इन करणं, वाय-फाय देणं ही कामं आपला राऊटर करणार. आणि गंमत म्हणजे डबा दारात राहिला तरी राऊटर दारात राहायची गरज नाही. लॅनची केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते. आमचं अख्खं घर तेवढं लांब नाही!

राऊटर लावायला अर्धा तास लागला. ब्रिज मोडला नऊ दिवस. कारण कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. ‘मॅडम, सरांना फोन द्या ना’ हे मी पाच वेळा ऐकलं. सहाव्या वेळी सरांनीच फोन घेतला आणि सांगितलं, ‘मला यातलं काही कळत नाही, मॅडमना विचारा.’ (लग्नानंतर इतका रोमँटिक डायलॉग मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.) शेवटी एक टेक्निशियन आला, तरुण आणि हुशार. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड दिलं, डबा ब्रिजवर टाकला... आणि नेट बंद! जुन्या डब्याचा मॅक अॅड्रेस सिस्टिममध्ये अडकून बसला होता. त्याने ऑफिसला फोन करून तो सोडवला आणि मग लागलं. जाताना म्हणाला, ‘ताई, हे कोणी मागतच नाही, म्हणून आम्ही करत नाही.’

राऊटर आता पॅसेजच्या माळ्याखाली, घराच्या मध्यावर आहे. दोन्ही खोल्यांना दार उघडं मिळतं, कपाट आडवं येत नाही. पाच गिगाहर्ट्झचा बँड भिंतींना घाबरतो खरा, पण अंतर एवढं कमी की बेडरूममध्ये ७० ते ८० येतात. मायक्रोवेव्ह चालू असतानाही. प्लॅन तोच, बिल तेच.

सगळं गोडगोड आहे असं समजू नका. आता नेट गेलं की कस्टमर केअरचं पहिलं वाक्य असतं, ‘तुमच्या राऊटरचा प्रॉब्लेम असेल.’ म्हणून लॅपटॉप थेट डब्याला जोडून, राऊटरशिवाय डायल करून बघायचं आणि मगच फोन लावायचा. राऊटरचे अपडेट्सही आता आपणच टाकायचे, ते कंपनी करणार नाही. घरात लँडलाइन त्याच डब्यातून असेल तर ब्रिजच्या आधी विचारून घ्या. आमची चालू राहिली, नाहीतर सासूबाईंच्या भिशी मंडळाने माझं काही खरं ठेवलं नसतं. आणि कंपनीचा डबा, त्याचा अॅडॉप्टर जपून ठेवा, कनेक्शन सोडताना परत मागतात.

मी मॅनेजरला मेल टाकला, ‘इश्यू रिझॉल्व्हड. गुरुवारचा डेमो मी देते.’ दिला. पंचेचाळीस मिनिटं, एकदाही न तुटता. शेवटी क्लायंटने तीन खवचट प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं माझ्याच आवाजात गेली. अप्रेझल मार्चमध्ये आहे, बघू.

नवऱ्याचं एक नवीन टुमणं सुरू झालंय. हॉलमध्ये सारखी बेल वाजते, कुरिअरवाला येतो, आई सिरियल लावते, तर मंगळवारी आणि शुक्रवारी बेडरूम त्याला मिळेल का? मी म्हटलं, मंगळवार घे. शुक्रवारचं अजून ठरलेलं नाही.