अपलोड वाढवून मागणारा मी

एव्हरशाईन सिटीत इंटरनेट तांब्याच्या तारेवरून यायचं तेव्हा माझं एक ठाम मत होतं: डाउनलोड ८ एमबीपीएस आणि अपलोड जेमतेम १, ही निव्वळ कंजुषी आहे. एडीएसएल २+ च्या मानकात ‘अनेक्स एम’ नावाची सोय असते, ती चालू केली की अपलोड दुपटी-तिपटीवर जाऊ शकतं, हे कळल्यावर तर सोसायटीच्या गेटवर मी प्रचारच सुरू केला. ‘पाठवायचा वेग वाढला तर उतरवायच्या वेगाचं काय जातं?’ हा माझा हुकमी सवाल.

उत्तर मिळालं ते जिन्याखालच्या डीपी बॉक्सपाशी. लाइनमनने झाकण उघडलं तेव्हा आत पहिल्यांदा नीट पाहिलं. अख्ख्या विंगच्या जोड्या एकाच केबलमधून येऊन शेजारी-शेजारी बसवलेल्या, आणि वसईच्या दमट हवेनं टोकांवर हिरवा गंज चढलेला. जाणं-येणं दोन्ही एकाच जोडीवरून. माझ्या डोक्यात दोन स्वतंत्र नळ होते, तसं इथे काहीच नव्हतं.

मग हिशेब मांडून पाहिला. टेलिफोन एक्सचेंज साधारण १०० मिलिवॅट शक्तीने सिग्नल सोडतं. तीनेक किलोमीटर तार ओलांडताना ४० डेसिबल घट झाली, तर घरी त्याचा दहा हजारावा भाग पोचतो. मोडेम मात्र त्याच जोडीवर पंधरा-सतरा मिलिवॅटने बोलत असतो, म्हणजे जे ऐकायचं त्याच्या हजारपटीहून मोठ्याने. म्हणून दोघांचे पट्टे वेगळे ठेवतात: १३८ किलोहर्ट्झच्या खाली अपलोड, वर डाउनलोड. तरी फिल्टर काही भिंत नसते. सीमेजवळच्या वारंवारतांवर आपलाच आवाज आपल्या कानात शिरतो.

अनेक्स एम ही सीमा २७६ वर नेतं. पट्टे छोट्या-छोट्या वाहक लहरींत विभागलेले असतात; त्यातल्या डाउनलोडच्या ३२ जातात. प्रत्येकीवर जास्तीत जास्त १५ बिट, सेकंदाला ४,००० वेळा. म्हणजे कमाल १.९२ एमबीपीएसवर पाणी. त्यातही जातात त्या खालच्या लहरी, लांबच्या तारेत सर्वांत चांगल्या टिकणाऱ्या. वरच्या लहरी तीन किलोमीटरवर आधीच मलूल झालेल्या असतात. एक्सचेंजच्या जवळ राहणाऱ्याला हा सौदा परवडतो, लांबच्याला नाही.

पण मला खरं हलवलं ते शेजाऱ्याच्या जोडीने. माझा मोडेम नव्या पट्ट्यात मोठ्याने बोलू लागला, की तो आवाज झिरपून बाजूच्या जोडीत जातो, आणि तिथे त्याच पट्ट्यात शेजाऱ्याचं क्षीण झालेलं डाउनलोड येत असतं. सेटिंग माझं, लाइन तुटणार त्याची. तो तक्रार करणार, आणि तपासायला आलेल्याला त्याच्या घरात काहीच सापडणार नाही.

याचा अर्थ अपलोड जितकं कमी तितकं बरं, असा मात्र नाही. डाउनलोडच्या पोचपावत्या अपलोडच्याच वाटेने परत जातात. ८ एमबीपीएस उतरवताना त्यांनाच पाव एमबीपीएसच्या आसपास लागतं. फोनमधले फोटो क्लाउडवर चढत असताना व्हिडिओ अडकतो तो बहुधा या पावत्या रांगेत तुंबल्यामुळे. तिथे इलाज राउटरमध्येच असतो: अपलोडला लाइनच्या क्षमतेपेक्षा थोडी कमी मर्यादा घालायची. वेग कमी करून वेग मिळतो, हे पूर्वी मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आता कुणी अपलोड वाढवायचं म्हणालं, तर मी आधी मोडेमच्या पानावर लाइनची घट आणि एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाट वाढला तरी लाइन टिकेल एवढी शिल्लक, बघायला सांगतो. मार्जिन ६ डेसिबलच्या आत रेंगाळत असेल, तर लोभ नको. आधी गंजलेला जोड बदलून घ्यावा. लाइन आखूड असेल तर अनेक्स एम मी आजही मागेन, पण ते एकट्या माझ्या फ्लॅटसाठी नव्हे. केबल सगळ्यांची आहे, तेव्हा हा निर्णयही केबलभर एकदमच व्हायला हवा.