आधी डोंगर, मग कॅमेरा!

पहिला 'सिरियस' कॅमेरा घ्यायचाय? मग दुकानात शिरण्याआधी सह्याद्रीत एक चक्कर मारून येऊ. कोणती बॉडी, कोणती लेन्स आणि कोणता ट्रायपॉड, हे काउंटरवरच्या माणसापेक्षा कोकणकडा जास्त चांगलं सांगतो.

अप्रेझल झालं, चार पैसे हातात खुळखुळायला लागले, की आपल्यापैकी निम्म्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळतो. कॅमेरा घ्यायचा. मोबाइलचा नाही, 'खरा' कॅमेरा! मग लंच टाइममध्ये रिव्ह्यू बघणं सुरू होतं. ऑफिसातला एक एक्स्पर्ट एक मॉडेल सुचवतो, दुसरा लगेच त्याला नावं ठेवतो. शेवटी कंटाळून जे सगळ्यात महाग ते 'फ्युचर प्रूफ' म्हणून घेतलं जातं. सहा महिन्यांनी ईएमआय चालू असतो आणि कॅमेरा कपाटात.

गडबड कुठे होते? सगळे 'कोणता घेऊ?' विचारतात, 'कुठे नेणार?' हे कोणीच विचारत नाही. क्रिकेट मॅच किंवा पक्षी टिपायचे असतील तर सेकंदाला वीस फ्रेम मारणारी बॉडी हवी. डोंगर कुठे पळून जातोय? लँडस्केपवाल्याचे शत्रू वेगळे असतात. वजन, वारा, पाऊस, खारं पाणी आणि अंधार. तेव्हा या शत्रूंच्या गावालाच जाऊ या.

तोलारखिंडीत वजनकाटा

हरिश्चंद्रगडावर पाचनईहून गेलात तर वाट सोपी आहे. खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे निघालात, तर मात्र पाठीवरचा प्रत्येक शंभर ग्रॅम बोलायला लागतो. फुल फ्रेम बॉडी आणि तिला शोभेल अशी एफ/२.८ ची झूम लेन्स मिळून सहज दीड किलो भरते. त्यात पाणी, डबा, स्लीपिंग बॅग आणि ट्रायपॉड. एपीएस-सी सेन्सरची मिररलेस बॉडी आणि किट लेन्स मिळून पाऊण किलोच्या आत बसतात.

आता सेन्सरचा फंडा. फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मइतका, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ चा, कॅननचा त्याहून किंचित लहान. मोठ्या सेन्सरचा फायदा रात्री आणि गडद सावल्यांमध्ये दिसतो, हे खरंच. पण २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. तो ३०० डीपीआयने छापला तर २० बाय १३ इंचांची प्रिंट निघते. हॉलच्या भिंतीला आणखी काय हवं? पहिल्या कॅमेऱ्याला एपीएस-सी पुरेसा आहे, आणि जो वर नेला जातो तोच कॅमेरा फोटो काढतो.

डीएसएलआर की मिररलेस? सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम मिररलेस ए७ आणला. कॅनन आणि निकॉन २०१८ मध्ये त्याच वाटेला लागले. त्यांच्या नव्या लेन्स आता मिररलेससाठीच येतात, त्यामुळे कोरा करकरीत घेणार असाल तर मिररलेस घ्या. मात्र बजेट टाइट असेल तर सेकंडहँड डीएसएलआर म्हणजे लॉटरी! लोक मिररलेसकडे वळताना जुन्या बॉड्या आणि चांगल्या लेन्स स्वस्तात विकतात. डीएसएलआरची बॅटरीही जास्त टिकते. मिररलेसवाल्यांनी दोन जादा बॅटऱ्या ठेवाव्यात आणि थंडीतल्या मुक्कामात त्या जॅकेटच्या आतल्या खिशात घालाव्यात. गारठ्यात त्या लवकर मान टाकतात.

कोकणकड्याची परीक्षा

गडावर पोचलात की पावलं आपोआप कोकणकड्याकडे वळतात. पश्चिमेला तोंड असलेला, नागफणीसारखा आत वळलेला हा प्रचंड कडा. संध्याकाळी सूर्य थेट समोर आणि खाली कोकण अंधारलेलं. इथे कॅमेऱ्याची खरी गोची होते. आकाश बरोबर घ्यावं तर दरी काळीठिक्कर, दरी घ्यावी तर आकाश पांढरंफटक.

यावर पहिला उपाय फुकट आहे. जेपेग सोडून 'रॉ'मध्ये शूट करा. सेन्सरने टिपलेली सगळी माहिती रॉ फाइलमध्ये राहते आणि घरी आल्यावर सावल्या उजळता येतात. दुसरा उपाय, एकाच दृश्याच्या कमी-जास्त एक्स्पोजरच्या तीन फ्रेम घेऊन त्या जोडणं. पण तिन्ही फ्रेम तंतोतंत जुळायला हव्यात. म्हणजे आलाच ट्रायपॉड!

ट्रायपॉडवर पैसे वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. कोकणकड्यावर तो मोह महागात पडतो, कारण कोकणातून वर चढणारा वारा काडीसारख्या पायांच्या ट्रायपॉडला थरथर कापवतो. सव्वा ते दीड किलोचा, मजबूत बॉल हेड असलेला घ्या. मधली दांडी शक्यतो वर काढू नका, तिच्या हुकाला सॅक अडकवा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्या. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवलेलं बरं, विशेषतः जुन्या लेन्सचं.

आता लेन्स. लँडस्केप म्हणजे वाइड अँगल, असा एक समज आहे. अर्धवट खरा. कड्याची अख्खी कमान फ्रेममध्ये घ्यायला दहा-बारा मिलिमीटरची अल्ट्रावाइड झकासच. पण तीच लेन्स समोरच्या डोंगररांगांना मुंगीएवढं करून टाकते. एकामागे एक निळ्या होत जाणाऱ्या रांगा टिपायच्या तर ५५-२५० सारखी साधी टेलिझूम हवी. म्हणून सुरुवात १८-५५ ची किट लेन्स आणि एक स्वस्त टेलिझूम यांनी करा. किट लेन्सला हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. एफ/८ ते एफ/११ वर ती छान शार्प असते. एफ/१६ च्या पलीकडे महागड्या लेन्सचाही फोटो डिफ्रॅक्शनमुळे मऊ पडायला लागतो.

सकाळी लवकर उठलात तर आणखी एक चान्स असतो. सूर्य पाठीमागे, समोर दरीत धुकं, आणि त्या धुक्यावर तुमचीच सावली, भोवती रंगीत वर्तुळ. हेच ते इंद्रवज्र. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद करून ठेवलीय. धुकं हललं की खेळ खलास. अशा वेळी मेनूमध्ये बटणं शोधत बसलात तर गेलंच! म्हणून गडावर जाण्याआधी आपल्याच सोसायटीच्या गच्चीवर चार संध्याकाळी सराव करा.

आणि एक कळकळीचं. कड्यावर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही टाकायचं नाही. चौकटीत दरी दिसते, पायाखालचा ओला दगड दिसत नाही. जवळ जायचं तर झूमने जा. जागा बदलायची तर कॅमेरा खाली घ्या, पायाकडे बघा, मग हला. ट्रायपॉड कडेपासून चांगला मागे लावा. खाली डोकावायचंच असेल तर जुने ट्रेकर्स करतात तसं पोटावर आडवं होऊन, तेही कोरड्या हवेत. गड अभयारण्यात येतो, त्यामुळे मुक्कामाचे नियम पाचनईत किंवा वनखात्याकडे विचारूनच जा.

ताम्हिणीत पाऊस, हरिहरेश्वरला लाट

जुलैतला ताम्हिणी घाट म्हणजे हिरव्याचा कहर. फोटोत मात्र ती पानं फिकट, चमकणारी येतात, कारण ओल्या पानावर आणि कातळावर आकाशाची चकाकी असते. ती काढायला सर्क्युलर पोलरायझर हवा. लेन्सवर बसवून फिरवला की चकाकी जाते आणि रंग खुलतात. हा परिणाम सॉफ्टवेअरमध्ये नंतर आणता येत नाही, म्हणून पहिला फिल्टर हाच घ्या. निळ्या आकाशावर तो सूर्याला काटकोनात सगळ्यात जास्त काम करतो. अल्ट्रावाइडवर मात्र आकाशात गडद पट्टा उमटतो, सांभाळून!

कॅमेरा 'वेदर सील्ड' असला तरी लेन्सही तशीच हवी, नाहीतर जोडावरून पाणी शिरतं. नसेल तर प्लास्टिकची पिशवी, शॉवर कॅप आणि छत्री धरणारा मित्र, हा सेट कुठल्याही कंपनीच्या रेनकव्हरइतका चालतो. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेतच ठेवून पंधरा-वीस मिनिटं चहा प्या, मग काढा.

हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेले कातळ आहेत, जाळीसारखे. लाटांचं धुक्यासारखं दूध करायचं तर एनडी फिल्टर लागतो. दहा स्टॉपचा एनडी प्रकाश साधारण हजार पटीने कमी करतो, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटाचं होतं. सुरुवातीला सहा स्टॉपचाही भागतो. पण इथे फिल्टरपेक्षा महत्त्वाचं आहे भरती-ओहोटीचं वेळापत्रक. ही वाट ओहोटीचीच. कातळावरून लाटेने ओढून नेलेली माणसं हा इथला जुना, दुःखद अनुभव आहे. स्थानिकांनी 'आता निघा' म्हटलं की एक फ्रेमसुद्धा जास्त घेऊ नका. घरी आल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने सांधे धरतात.

कासला वाका, भंडारदऱ्याला थांबा

साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांचे गालिचे. फुलं मात्र इवलीशी! उभ्याने काढलेला फोटो म्हणजे नुसता रंगीत डाग. कॅमेरा जमिनीलगत, वाइड लेन्स फुलाच्या जवळ, एफ/११, आणि वारा असेल तर आयएसओ वाढवून शटर वेगवान. इथे फिरणारी स्क्रीन असलेली बॉडी मान वाचवते. पाय आणि ट्रायपॉड मात्र आखलेल्या वाटेवरच. जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ की एक गट तुडवून गेला की तिथलं पुढच्या वर्षीचंही बी गेलं.

मेअखेर-जूनच्या सुरुवातीला भंडारदरा भागात काजव्यांनी झाडं लखलखतात. यासाठी ट्रायपॉड, एफ/२.८ किंवा त्याहून उघडी लेन्स आणि वीस-तीस सेकंदांच्या बऱ्याच फ्रेम, ज्या नंतर एकावर एक रचायच्या. फ्लॅश आणि टॉर्च बंद! तो उजेड म्हणजे त्यांचा एकमेकांना बोलावण्याचा सिग्नल असतो, आपल्या लाइटने तो तुटतो.

आता चला बोरा बाजारात

सीएसएमटीहून चालत पाच मिनिटांवर मुंबईतलं कॅमेऱ्यांचं माहेरघर. इथे घासाघीस चालते, पण डोळे उघडे ठेवून. स्वस्त पीस 'इम्पोर्टेड' निघाला तर भारतातली कंपनी वॉरंटी देत नाही. जीएसटीचं बिल, त्यावर सिरियल नंबर आणि भारतातलं वॉरंटी कार्ड, तिन्ही घ्या. सेकंडहँड असेल तर शटर काउंट विचारा. लेन्समधून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघा. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील.

बजेटची वाटणी माझ्या मते अशी. शंभर रुपयांतले पंचेचाळीस बॉडीला, तीस लेन्सला, पंधरा ट्रायपॉडला आणि दहा फिल्टर, बॅटरी, कार्ड, बॅगेला. बॉडी चार-पाच वर्षांत बदलावीशी वाटते, चांगली लेन्स आणि ट्रायपॉड त्यानंतरही साथ देतात.

आणि हो, आपल्या हवेत लेन्सला बुरशी धरते. कातडी पाउचमध्ये कपाटात कोंबू नका. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर पावसाळा निघतो. सिलिका जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा.

अजूनही ठरत नसेल तर मुंबई-पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन वीकेंडला भाड्याचा कॅमेरा घेऊन डोंगरात जा. दोन्ही वेळा पहाटे पाचला उठलात, तर खुशाल खरेदी करा. नाही उठलात, तर मोबाइल आहेच आणि वाचलेल्या पैशांत बरेच ट्रेक होतील.

पहिल्या ट्रेकची बॅग
• बॉडी, किट लेन्स, टेलिझूम
• ट्रायपॉड आणि त्याची प्लेट (ही घरी राहते, आत्ताच बॅगेत टाका!)
• पोलरायझर, दोन जादा बॅटऱ्या, दोन मेमरी कार्ड
• मायक्रोफायबरचे दोन फडके, ब्लोअर, मोठी प्लास्टिक पिशवी
• हेडलॅम्प, परतीच्या वाटेसाठी