आभारप्रदर्शन

कार्यक्रमात आभारप्रदर्शन सुरू झालं की निम्मी मंडळी चपला शोधायला उठतात. मीही त्यातलाच. म्हणून तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या उन्हाळी मराठी वर्गाच्या समारोपात ते काम माझ्याकडे आलं, तेव्हा "दोन मिनिटांत उरकतो" असं मी सांगून टाकलं. आणि खरंच उरकलं.

वर्ग मे महिन्यातला, तीन आठवड्यांचा. लष्कर भागात, सकाळी साडेसात ते साडेनऊ. त्यानंतर ग्वाल्हेरचं ऊन कुणाला बाहेर फिरू देत नाही. चोवीस मुलं आणि शिकवणारे आम्ही सहा-सातजण. आपल्याकडच्या मुलांना देवनागरी वाचता येते, पण 'शाळा'ची 'शाला' होते आणि 'चमचा'तला च 'चंद्रा'सारखाच येतो. समारोपाला मुलांनी छोटं नाटक केलं, आईवडिलांनी व्हिडिओ काढले आणि शेवटी सप्ताहाच्या सांगतेला असतो तसा काला: पोहे, दही, काकडी, डाळिंब, लिंबाचं लोणचं.

मी नावं वाचली ती वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. ग्रुपवर नसलेल्या एक काकू तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात साधा फोन. रोज सगळ्यांच्या आधी यायच्या आणि मागे पडणाऱ्या चार-पाच मुलांना घेऊन कोपऱ्यात बसायच्या. काला वाढायलाही त्याच उभ्या होत्या. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "काकूंचं नाव नाही घेतलंस."

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. काकूंनी पन्हं दिलं. म्हणाल्या, "माझं राहू दे रे. पण त्या धाकट्याला अठराव्या दिवशी 'ळ' आला. तुम्ही त्याला नाटकात झाड केलंत. त्याचा 'ळ' कुणी ऐकलाच नाही."

मला उत्तर सुचलं नाही. एक नाव राहिलं एवढीच चूक झाली, असं मी धरून चाललो होतो. खरं तर आम्ही रंगमंचावर दिसलं तेवढंच साजरं केलं होतं.

काकूंच्या बैठकीत पं. भातखंडे यांचा फोटो आहे. त्यांच्या पुढाकाराने आणि माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ साली आपल्या गावात माधव संगीत विद्यालय सुरू झालं. ठिकठिकाणच्या गायकांकडून मिळवलेल्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत आणल्या. स्वतःचा 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा ग्रंथ मात्र 'चतुरपंडित' या टोपणनावाने लिहिला. परतताना वाटलं, आपलं नाव मागे ठेवायचा हक्क ज्याचा त्याला. दुसऱ्याचं नाव वगळायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

गंमत म्हणजे ऑफिसात मी हे रोज करतो. दर दोन आठवड्यांनी टीम बसते: काय जमलं, काय अडलं, पुढे काय बदलायचं. कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद गिटमध्ये असते. ती दाखवणाऱ्या कमांडचं नाव मात्र 'ब्लेम'! दोष शोधायला नोंद हवी आणि कौतुकाला आठवणीवर भागवायचं, असं कसं चालेल?

पुढच्या मे महिन्यात आम्ही टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. घरी निघण्यापूर्वी प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या: आज कोणी काय केलं, कुठल्या मुलाला काय आलं, काय फसलं. "गाण्याची पट्टी उंच झाली, छोटे गप्प बसले." "नाटकापायी वाचन मागे पडलं." "खुर्च्या दोघा ताईंनी लावल्या." शेवटच्या दिवशी, काल्याच्या आधी, आईवडिलांसमोर वही वाचली. वीस मिनिटं लागली. चपला शोधायला कुणी उठलं नाही, कारण प्रत्येकजण आपल्या मुलाचं नाव येण्याची वाट पाहत होता. फसलेल्या गोष्टींवर लोक हसले, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी नाटक छोटं करायचं ठरलं.

काकूंच्या पानावरची ओळ त्या धाकट्याने स्वतः वाचली. 'वेळ' नीट आला, 'फळ्या'ला अडखळला. काकूंनी जागेवरूनच दुरुस्त केलं आणि त्याने पुन्हा म्हटलं.

मग काला झाला. तो कालवला की पोहे कुणाचे, दही कुणाचं हे कळत नाही, आणि तीच त्याची गोडी. म्हणूनच कोणी काय आणलं ते कालवण्याआधी सांगून टाकावं.

वही मंडळाच्या कपाटात आहे. गुडघ्यांमुळे काकू आता आठवड्यातून दोनच दिवस येतात, तेव्हा कोपऱ्यात बसणारं आणखी कुणीतरी हवंय. कॉलेजात असाल, नोकरीत असाल, तासभर जरी देता आला तरी यंदा या. आलात की पहिल्या पानावर आपलं नाव लिहा. शेवटच्या दिवशी ते वाचलं जाईल, व्हॉट्सॲपवर असा किंवा नसा.