दोनाचे आठ

आमच्या घरात ‘शेअर’ हा शब्द माझ्या जन्माआधीपासून नांदतो आहे. आजोबा साखर कारखान्याचे सभासद. त्या शेअरवर त्यांचा ऊस जातो, दिवाळीला सवलतीची साखर येते आणि निवडणुकीत एक मत मिळते. कुणाचे शेअर कितीही असोत, सहकारात मत एकच. त्या शेअरचा भाव रोज वर्तमानपत्रात येत नाही. त्यामुळे त्याच्या पडण्याची धास्तीही कुणाला नसते.

अशा घरातली, कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच मुलगी मुंबईच्या शेअरबाजारात दोन शेअर घेते, आणि तेही व्हिडिओ गेमच्या कंपनीचे, म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला. “भिशीत टाकलं असतंस तर एकरकमी हातात आलं असतं की गं!”

दिवस पडझडीचे होते. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सेन्सेक्स ८५,९७८ पर्यंत चढला होता. २८ फेब्रुवारी २०२५ ला तो ७३,१९८ वर बंद झाला. निफ्टी तर सलग पाच महिने घसरला. १९९६ नंतर असे प्रथमच घडत होते. परदेशी गुंतवणूकदार माल विकून बाहेर पडत होते आणि इकडे माझ्याजवळ शिकवणीचे तीन महिन्यांचे पैसे साठले होते. मंडईत भाव उतरला की आई दोन पेंड्या जास्त घेते. मी निराळे काय केले?

कंपनी निवडली ती धाकट्या भावाकडे बघून. तो मोबाइलवर ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ खेळू लागला की जेवायलाही उठत नाही. हा खेळ करणाऱ्या नेक्स्टवेव्ह कंपनीत मोठा हिस्सा मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजचा. नझारा २०२१ च्या मार्चमध्ये बाजारात आली. भावाचा अभ्यास बुडतोच आहे, तर त्यातला एक कण तरी घरात परत यावा, असा माझा हिशेब!

पुढे कंपनीविषयी वाचताना कळले, की पोकरबाझी चालवणाऱ्या कंपनीतही नझाराचा जवळजवळ निम्मा हिस्सा आहे. म्हणजे पैसे लावून पत्ते. इथे मी अडखळले. आमच्या गल्लीतला फाउंड्रीत कामाला जाणारा एक मुलगा असल्याच कुठल्याशा अॅपवर मोटारसायकल घालवून बसला होता. त्याची आई आमच्या उंबऱ्यावर बसून रडली, तेव्हा तिला चहा मीच दिला होता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैशांचे खेळ बंद. ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ चालू. नझाराचा भाव धडाधड खाली आला. मोबाइलवर सगळे लाल दिसत होते आणि मला, खरे सांगते, बरे वाटत होते. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, “मग तुझं पैसं कुणाच्या बाजूनं हाईत?” मला उत्तर सुचले नाही.

शेअर मात्र मी विकले नाहीत. क्रिकेटचा खेळ कायद्याने थांबवलेला नव्हता.

सप्टेंबरात कंपनीने एका शेअरचे दोन केले आणि वर एकास एक बोनस दिला. दोनाचे आठ! आजोबांनी डोळे विस्फारले. भाव त्याच हिशेबाने चौथाईवर आला, हे सांगितल्यावर म्हणाले, “मग मला कशाला उठवलंस?” आणि कूस बदलून झोपले.

शिकवणीचे पुढचे पैसे यायचे आहेत. आईने भिशीच्या वहीत माझे नाव अगोदरच लिहून ठेवले आहे.