वाट वाकडी करावी असे जेवण

सुग्रास अन्न उंची हॉटेलातच मिळते, अशी समजूत अलीकडे आपल्याही घरांत रुजली आहे. महसूल खात्यातील नोकरीमुळे हैदराबादेच्या तारांकित हॉटेलांतील बैठकांना मी पुष्कळदा बसलो. (तेथील पदार्थ आता आठवत नाहीत, रुमालांच्या घड्या मात्र सुरेख असत.) फ्रान्समधील मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. पुढे त्या पुस्तकातून भोजनगृहांना तारे मिळू लागले. त्यात दोन ताऱ्यांचा अर्थ असा की, प्रवाशाने तेथे वाट वाकडी करून जावे. आपल्या जैनद-बेला रस्त्यावर अशी एक खानावळ मला दिवाळीनंतर अवचित भेटली.

वर टिनपत्रे, समोर कापसाच्या गाड्या, पाटी तेलुगूत. भाकरी-पिठले मिळाले तरी पुष्कळ, अशा बेताने मी बसलो. बाईंनी पळसाच्या पत्रावळीवर आधी मीठ वाढले. मग डावीकडे लिंबाची फोड आणि जवसाची चटणी, उजवीकडे ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी. तो क्रम पाहूनच मी सावरून बसलो. आणि पानावर आला तो गोळाभात!

गोळाभात दिसायला गरीब, करायला मोठा अवघड. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा बारीक झाला की गोळा चिकटतो, मोहन कमी पडले की दगड होतो. अर्धवट शिजलेल्या भातात गोळे ठेवून ते वाफेवर होऊ द्यायचे, पानात कुस्करायचे आणि वर लसूण-मोहरीच्या फोडणीचे कढत तेल घ्यायचे. येथला गोळा बोट लागताच मोकळा झाला. आई गेल्यानंतर आमच्या घरी हा पदार्थ झालेला नव्हता.

सोबत कढी नव्हती, पच्चिपुलुसु होते. चिंचेचा न उकळलेला कोळ, त्यात कच्चा कांदा आणि मिरची. जोडी प्रथम विजोड वाटली, परंतु त्या पातळ आंबटाने तेलाचा जडपणा असा काही उतरवला की मी दोनदा भात मागून घेतला.

कोणी शिकवले, असे विचारले. बाई म्हणाल्या, “गोळे अत्तम्मानं शिकवले, काका. त्या राजुऱ्याच्या. पुलुसु माझ्या आईचं, निर्मलचं.”

१९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. आपल्यापैकी कित्येकांची निम्मी सोयरीक त्या दिवशी परराज्यात गेली. शाळा, अर्ज, सातबारा यांची भाषा बदलल्याबद्दल या मंडळींत पुष्कळ बोलले गेले आहे. चुलीविषयी कोणी बोलले नाही. मराठी गोळा एका तेलुगू घरच्या लेकीने जपला, आणि आम्ही मराठी म्हणवणारे रविवारी पनीर मागवतो.

बिल ऐंशी रुपये झाले. अधिक दिलेले पैसे बाईंनी परत केले. भरड्याचे प्रमाण मात्र सविस्तर सांगितले आणि डाळ जात्यावरच भरडा, असे बजावले.

आमचे जाते माळ्यावर होते. ते काढताना धाकट्या नातवाने हे काय, असे विचारले. पत्नी त्याला सांगत असता आमच्या सूनबाईंनी, त्या करीमनगरच्या, न सांगताच चिंच भिजत घातली.